मुंबईची संस्था, नागपूरचे रस्ते

वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ही संस्था १९१९ साली मुंबईत सुरू झाली. तिचे मुख्य कार्यालय चर्चगेटजवळ, वीर नरिमन मार्गावरच्या लालजी नारणजी मेमोरियल इमारतीत आहे. तिथून समुद्र पायी गाठता येतो. नागपूर गाठायला रात्रभराचा प्रवास. मग तिचा इतिहास नागपूरच्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारलेच तर उत्तर दुहेरी आहे. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, गोवा या तिच्या पसाऱ्यात नागपूर आहेच, पण कडेला. आणि कडेला बसलेल्याला पंगत जशी दिसते तशी मधल्या पाटावरच्याला दिसत नाही. हे एक. दुसरे कारण अधिक वजनाचे. मोटारधारकांच्या संस्थांनी सुरुवातीपासून एक मागणी धरून ठेवली होती: कर घेता, तर रस्ते द्या. या मागणीला देशभराच्या आराखड्याचे रूप आले ते नागपुरात, १९४३ च्या डिसेंबरात. संस्था मुंबईची असली तरी तिच्या मागणीचा निकाल आपल्या गावात लागला.

मोटारवाल्यांनी संघ काढावा ही कल्पना आपली नव्हे. पॅरिसमध्ये १८९५ साली पहिला मोठा मोटार क्लब निघाला, लंडनमध्ये १८९७ साली. तिथे सरदार, कारखानदार आणि हौशी लोक जमत, शर्यती लावत, उत्तम जेवत. १९०५ साली ब्रिटनमध्ये आणखी एक संस्था निघाली, ऑटोमोबाईल असोसिएशन, आणि तिचा हेतू अगदी रोखठोक होता. पोलिस झुडपांआड लपून घड्याळ लावून वेग मोजत आणि दंड करत. त्यांच्यापासून सभासदांना वाचवायचे. संस्थेचे सायकलस्वार रस्त्यावर उभे राहत. पुढे पोलिस आहेत असे सांगणे न्यायालयाने गुन्हा ठरवल्यावर त्यांनी वेगळी तोड काढली. एरवी सभासदाची गाडी दिसली की ते सलाम ठोकत. सलाम आला नाही तर सभासदाने ओळखायचे की पुढे सापळा आहे. आज समोरून येणारा ट्रकवाला दिवे मिचकावून जे सांगतो तेच हे, फक्त वर्गणी भरून. मोटार संघटना म्हणजे समाजसेवा असा समज कोणी करून घेतला असेल तर त्याने हा जन्मवृत्तांत लक्षात ठेवावा. आधी सभासदाचा खिसा, मग बाकीचे.

हिंदुस्थानात मोटार आली ती एकोणिसावे शतक संपता संपता. मुंबईत सुरुवातीला ज्या मोजक्या भारतीयांनी गाडी घेतली त्यांत जमशेटजी टाटांचे नाव पहिल्याने घेतात. नागपूरकराने इथे थोडे थांबावे, कारण त्या घराण्याच्या उद्योगाचा भक्कम पाया आपल्या एम्प्रेस मिलने घातला होता. १ जानेवारी १८७७ रोजी ती मिल सुरू झाली आणि पुढच्या पाव शतकात तिने मालकाला मोटारच काय, पोलाद कारखान्याचे स्वप्न परवडेल एवढे दिले. मुंबईच्या रस्त्यावर धावलेल्या त्या आरंभीच्या गाडीच्या टाकीत वऱ्हाडच्या कापसाचा पैसा होता, एवढे म्हणायला हरकत नसावी.

पाठोपाठ संघटना आल्या. कलकत्त्यात १९०४ साली बंगालची मोटार संघटना निघाली. तीच पुढे पूर्व भारताची झाली. मुंबईकडे मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया होती. तिने १९०४ साल संपता संपता दिल्ली ते मुंबई अशी गाड्यांची कसोटी लावली. ही शर्यत नव्हती. गाडी ठरलेल्या टप्प्यांनी, न मोडता, पोहोचते की नाही हे पाहायचे होते, आणि त्या काळी तेवढेच पुष्कळ होते. दिल्ली, आग्रा, ग्वाल्हेर या बाजूने मुंबईला येणारी ही वाट नागपूरला वळसा घालून गेली. तशीच ती पुढेही जात राहिली.

नागपुरापर्यंत रेल्वे १८६७ सालीच आली होती. त्यामुळे इथल्या पहिल्या मोटारी स्वतःच्या चाकांवर आल्या असतील ही शक्यता कमीच. त्या वॅगनमधून आल्या. शहरात सिव्हिल लाइन्स, सदर, सीताबर्डी एवढ्या टापूत गिट्टीचे रस्ते बरे होते. शहराबाहेर काळी कापसाची जमीन. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाळ्यात ती चाक गिळते. त्यात नाल्या-नाल्यांवर पूल नाहीत, फार तर रपटा. पाणी रपट्यावरून गेले की गाडी या बाजूला, माणसे त्या बाजूला. आठ महिने मोटार आणि चार महिने बैलगाडी, असे ते दळणवळण होते. आणि उन्हाळ्यात, पंचेचाळीस अंशांत, रेडिएटरचे पाणी उकळणे हा नित्याचा भाग. मुंबईच्या सभासदाला घाटात गाडी तापते एवढेच माहीत. आपली सपाटीवर तापते.

झिरो माइलचा तो प्रसिद्ध दगडी स्तंभ १९०७ सालचा, म्हणजे याच काळातला. त्याच्या शेजारी चार घोडे आहेत. ते भूमापनाचे ठाणे होते, मोटारवाल्यांसाठी कोणी उभारले नव्हते. तरी त्यावर कोरलेली हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतुल ही नावे पुढे नागपूरच्या मोटारधंद्याच्या दिशाच ठरली.

१९१४ साली मोटारींचा पहिला देशव्यापी कायदा आला. गाडीची नोंदणी, चालकाला परवाना, अठरा वर्षांखालील चालकाला मनाई, हे सगळे त्यातले. मग महायुद्ध आले. युद्धाने मोटारीची शोभेची वस्तू ही ओळख पुसली. ती कामाची वस्तू आहे हे लष्कराने सिद्ध करून दिले. युद्ध संपल्यावर गाड्या वाढल्या, आयात करणाऱ्या पेढ्या वाढल्या, नियम आणि करही वाढले, आणि १९१९ साली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन उभी राहिली. अशा संस्थेचे सभासद कोण, हे सांगायला नको. ज्याच्याकडे गाडी आहे तो. गाडी चालवणारा शोफर तिचा सभासद नव्हता, खाली झोपून ती दुरुस्त करणारा मिस्त्री तर नव्हताच. मला हा या इतिहासातला सर्वांत मोठा उणा भाग वाटतो. पहिल्या पिढीतल्या कित्येक मालकांना हॅंडल मारून गाडी सुरू करता येत नसे. तरी संघटना त्यांची होती.

पण याच मालकवर्गाच्या हट्टातून एक सार्वजनिक काम झाले.

हकीकत अशी. प्रांतांकडे रस्त्यांसाठी पैसा नव्हता आणि लांब पल्ल्याचे रस्ते हे प्रांताचे काम की मध्यवर्ती सरकारचे, हेही ठरत नव्हते. मोटारवाले म्हणत, आम्ही आयात कर भरतो, पेट्रोलवर कर भरतो, नोंदणीचे पैसे भरतो, मग रस्ता कुठे आहे? १९२७ साली सरकारने रस्तेविकासाचा विचार करायला समिती नेमली. अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, तेच जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९२८ साली समितीने सांगितले की रस्त्यांचा विकास प्रांतांच्या कुवतीबाहेर गेला आहे आणि काही रस्ते राष्ट्रीय महत्त्वाचे आहेत. पेट्रोलवर जादा कर घ्यावा आणि तो रस्त्यांवरच खर्च करावा. १९२९ च्या मार्चमध्ये गॅलनमागे चार आण्यांचा कर सहा आणे झाला आणि वरचे दोन आणे रस्ते निधीत जाऊ लागले. जयकर समितीच्याच शिफारशीतून १९३४ च्या डिसेंबरात इंडियन रोड्स काँग्रेस जन्माला आली.

यात एक मेख होती, आणि नागपूरकराने ती जरूर पाहावी. निधी प्रांतांना वाटायचा तो ज्या प्रांतात जेवढे पेट्रोल खपते त्या प्रमाणात. हिशेब वरवर रास्त. पण पेट्रोल कुठे खपणार? जिथे रस्ते आधीच चांगले, तिथे. मुंबईची संघटना भांडली, मुंबईला वाटा मोठा मिळाला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाला रस्ते नाहीत म्हणून गाड्या कमी, गाड्या कमी म्हणून पेट्रोल कमी, आणि पेट्रोल कमी म्हणून रस्त्याला पैसे कमी. विदर्भाच्या अनुशेषाची चर्चा आपण पुढे दशकानुदशके केली. तिचे जुने मूळ शोधायचे तर दोन आण्यांच्या या हिशेबाकडे पाहावे.

रेल्वेशी भांडण हा वेगळा अध्याय. १९३० नंतर मोटारबस रेल्वेचे उतारू पळवू लागली, म्हणून १९३३ साली सिमल्याला रेल्वे आणि रस्ते यांची परिषद भरली. १९३९ चा मोटार वाहन कायदा त्याच वातावरणात झाला; बसमालकांवर परवान्यांची बंधने आली आणि तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा ठरला. विम्याची ती तरतूद अमलात यायला १ जुलै १९४६ उजाडला, कारण मध्ये दुसरे महायुद्ध आणि पेट्रोलचे रेशन. नोंदणीत आपल्या गाड्यांना सीपी, म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, ही अक्षरे होती. जुन्या घरांतल्या फोटोंमध्ये गाडीपुढे उभ्या आजोबांच्या पायाशी ती पाटी अजून वाचता येते.

आता १९४३. युद्ध चालू असताना, देशभरातले मुख्य अभियंते डिसेंबरात नागपूरला जमले. नागपूरच का, याचे उत्तर नकाशा देतो. मद्रास, लाहोर, कलकत्ता, मुंबई या सगळ्यांना सारखेच गैरसोयीचे म्हणून ते सगळ्यांना सोयीचे. त्यांनी वीस वर्षांचा आराखडा केला, तो ‘नागपूर प्लॅन’. रस्त्यांची राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग आणि गावरस्ते ही प्रतवारी देशाला तिथून मिळाली. आज जिल्हा परिषदेच्या पाटीवर जे लिहिलेले असते त्याचे मूळ तेच. दर शंभर चौरस किलोमीटरमागे सोळा किलोमीटर रस्ता, हे उद्दिष्ट. शेतीने विकसित भागातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, हा दंडक. केंद्रातून ताऱ्यासारखे फुटणारे रस्ते आणि त्यांना जोडणारी जाळी, अशी त्याची आखणी. उद्दिष्टाचा आकडा १९६१ पर्यंत गाठला गेला आणि मग दुप्पट उद्दिष्टाचा ‘बॉम्बे प्लॅन’ आला.

अभियंत्यांच्या या बैठकीला मोटार संघटनेचे काम म्हणणे अतिशयोक्ती होईल. पण पाच मैलांच्या त्या दंडकात एक गोष्ट घडली आहे. वर्गणीदार गाडीमालकाने स्वतःसाठी मागितलेला रस्ता अभियंत्याने बैलगाडीवाल्याच्या गावापर्यंत नेला. मागणाऱ्यांच्या मनात ते नव्हते. म्हणूनच मला ते महत्त्वाचे वाटते.

नागपूरवरून वाराणसी–कन्याकुमारी हा सात क्रमांकाचा आणि हजिरा–कोलकाता हा सहा क्रमांकाचा, असे दोन राष्ट्रीय महामार्ग एकमेकांना छेदू लागले. नव्या क्रमांकांत ते ४४ आणि ५३ झाले. क्रमांक बदलून दशक उलटले तरी वाडीचा किंवा कापसीचा ट्रान्सपोर्टवाला ‘सेव्हन’ आणि ‘सिक्स’च म्हणतो. शहराच्या चारही तोंडांशी ट्रकांचे तळ पडले, टायरची दुकाने, स्प्रिंगपाट्याचे कारागीर, डेंटिंग-पेंटिंगवाले, आणि कामठी रोडवर चक्क ऑटोमोटिव्ह चौक. नागपूर मोटारीचे गाव झाले ते क्लबमुळे नव्हे, ट्रकमुळे.

स्वातंत्र्यानंतरची चार दशके असोसिएशनच्या दृष्टीने टंचाईची होती. मुंबईत शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स १९५४ साली गेली, कारण नुसती जोडणी करणाऱ्यांना सरकारने थारा द्यायचा नाही असे ठरवले. उरली मुख्यतः वालचंद हिराचंदांची कुर्ल्याची प्रीमियर आणि कलकत्त्याची हिंदुस्थान मोटर्स. फियाट नाही तर ॲम्बॅसडर. पैसे भरा आणि वर्षानुवर्षे वाट पाहा. अशा वेळी गाडी वीस-वीस वर्षे वापरायची, इंजिन उतरवून बोअर करायचे, स्टेपनीवर स्टेपनी घासायची. सभासदत्वाला किंमत याच काळात होती. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीला मदत, टोचन करून गॅरेजपर्यंत नेणे, परवान्याचे नूतनीकरण, गाडी नावावर करणे, विमा. परिवहन कार्यालयाच्या खिडकीशी ज्याने कधी फायलीसह उभे राहून पाहिले आहे त्याला हे फुटकळ काम वाटणार नाही. पण हेही खरे की नागपूर–शिवनी रस्त्यावर देवलापारच्या जंगलात रात्री गाडी बंद पडली तर चर्चगेटचे सभासदत्व कामी येत नसे. तिथे ढाब्यावरचा सरदारजी आणि त्याच्याकडचा तारेचा तुकडा, हीच असोसिएशन.

एक काम मात्र असे होते की ते दुसरे कोणी करू शकत नव्हते. स्वतःची गाडी घेऊन परदेशात जायचे तर प्रत्येक सीमेवर जकातीचा प्रश्न येतो: गाडी इथे विकून टाकणार नाही याची हमी काय? त्यासाठी ‘कार्ने’ नावाची पुस्तिका असते. प्रत्येक देशासाठी एक पान, आत येताना शिक्का, बाहेर जाताना शिक्का. गाडी बाहेर गेली नाही तर तिची जकात पुस्तिका देणाऱ्या संघटनेच्या गळ्यात पडते. म्हणून ती आधी गाडीमालकाकडून तारण घेते. या साखळीत बसायला जागतिक मोटार महासंघाची मान्यता लागते, आणि आपल्याकडच्या प्रादेशिक संघटना मिळून झालेल्या भारतीय महासंघामार्फत असोसिएशनला ती आहे. भारताने १९४९ च्या जिनिव्हा रस्ते-वाहतूक करारात १९६२ साली भाग घेतला; त्यावर आधारलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हे असोसिएशनचे दुसरे ओळखीचे काम. आता तो परिवहन कार्यालय देते, आपल्याकडे गिरीपेठेतून मिळतो, एक वर्षाचा. कार्नेसाठी अजूनही चर्चगेट.

या कागदांचा पसारा किती मोठा असतो ते मुंबईने १९६८ साली पाहिले. लंडन–सिडनी मॅरेथॉनसाठी २४ नोव्हेंबरला लंडनहून ९८ गाड्या निघाल्या, युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून दिल्लीत आल्या आणि आग्रा, इंदूर, नाशिकमार्गे मुंबईला पोहोचल्या. पोहोचल्या त्या ७२. तिथून ‘चुसान’ जहाजावर चढून ऑस्ट्रेलियाला. बोमसी वाडिया आणि त्यांचे साथीदार लोटस कॉर्टिना घेऊन त्यात होते. जिंकली हिलमन हंटर, अँड्र्यू कोवनची. आणि वाट? पुन्हा आग्रा रोड. देशाच्या मधोमध असण्याचा फायदा नागपूरला मालवाहतुकीत मिळाला, तमाशात कधी मिळाला नाही.

अलीकडच्या काळात असोसिएशन शहरी लोकांना माहीत आहे ती महिलांच्या रॅलीमुळे. नितीन डोसा यांच्या कार्याध्यक्षपदाच्या काळात मुंबईहून ॲम्बी व्हॅलीकडे जाणारी ही रॅली सुरू झाली. सजवलेल्या गाड्या आणि फेट्यांचे फोटो छापून येतात, त्यामुळे ती मिरवणूक वाटते. प्रत्यक्षात ती वेळेची परीक्षा असते: ठरलेल्या टप्प्यावर ना आधी ना उशिरा पोहोचायचे, वेगाची मर्यादा पाळून, शेजारी बसलेलीने नकाशा वाचून. सुसाट जाणारी हरते. हा खेळ शाळेत शिकवावा असा आहे.

मदतीचा धंदा मात्र हातातून गेला आहे. १९८३ साली मारुती आली, नव्वदीनंतर बाकीच्या कंपन्या आल्या आणि गाडी बंद पडणे ही गोष्टच दुर्मिळ झाली. जी बंद पडते तिच्यासाठी कंपनीचा आणि विमावाल्याचा मदत क्रमांक असतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा सगळा रस्ता पूर्ण झाला. १९०४ च्या त्या कसोटीने टाळलेले नागपूर आता रस्त्याचा प्रारंभबिंदू आहे. पण १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेल्या बसमध्ये पंचवीस माणसे जळून गेली. सरळ, एकसुरी काँक्रीटवर चालकाला येणारी गुंगी, तापलेले झिजके टायर, विश्रांतीच्या जागा, हे सगळे प्रश्न चालकाचे आहेत. मालकांच्या संस्थेने शंभर वर्षांत ज्याला सभासद केले नाही, त्याचे.

जुन्या गाड्यांची हौस हा असोसिएशनच्या मंडळींचा आवडता प्रांत, आणि तिथे दिल्लीतून आलेला निर्णय पुन्हा नागपूरशी जोडलेला निघाला. नागपूरचे खासदार नितीन गडकरी रस्ते वाहतूक मंत्री असताना २०२१ साली जुन्या वाहनांचे वेगळे नियम झाले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते; क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येते; नोंदणी वीस हजार रुपये, दहा वर्षांसाठी, पुन्हा नोंदणी पाच हजार. जुनी सीपीची पाटी असलेल्या गाडीचा वारस त्यामुळे भंगारवाल्याला टाळू शकतो. अट एवढीच की ती गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढायची. दुरुस्ती हे कारण नियमात आहे, हे बरे झाले. ज्यांनी या गाड्या कधी घेतल्या आहेत ते सांगतील की उरलेल्या चारही कारणांपेक्षा त्या याच कारणासाठी अधिक वेळा रस्त्यावर येतात.